इंग्रजीतील शब्दजातिबदल आणि चार रकान्यांचे व्याकरण

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील शाळांत व कनिष्ठ महाविद्यालयांत इंग्रजी शब्दसंपत्तीचे अध्यापन ज्या साधनांनी होते, त्यांत चार रकान्यांचा तक्ता अग्रभागी आहे. नाम, क्रियापद, विशेषण व क्रियाविशेषण अशा मथळ्यांखाली एकाच कुळातील शब्द ओळीने मांडले जातात : 'ब्यूटी, ब्यूटिफाय, ब्यूटिफुल, ब्यूटिफुली', 'सक्सेस, सक्सीड, सक्सेसफुल, सक्सेसफुली', 'स्ट्रेंग्थ, स्ट्रेंग्थन, स्ट्राँग, स्ट्राँगली'. विद्यार्थी तक्ता पाठ करतो, परीक्षेत 'कंसातील शब्दाचे योग्य रूप लिहा' असा प्रश्न येतो, रिकामी जागा भरली जाते आणि गुण मिळतात. पदवीच्या पहिल्या वर्षातील अनिवार्य इंग्रजीपर्यंत, आणि पुढे स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांतूनही, हाच तक्ता थोड्याफार फरकाने सोबत करतो.

या तक्त्यावर आजवर जे आक्षेप घेतले गेले, ते बहुधा पाठांतराविरुद्धचे आहेत. पाठांतर हा येथे मुख्य दोष नव्हे. तक्ता इंग्रजी भाषेविषयी एक चुकीचे विधान करतो, हा मुख्य दोष होय. प्रत्येक शब्दाला चारही रकान्यांत एकेक रूप असते, ही रूपे एकमेकांहून वेगळी दिसतात आणि रूप बदलले तरी मूळ अर्थ तोच राहतो, अशी तीन गृहीते त्यात न बोलता दडलेली आहेत. वर दिलेली तिन्ही कुळे या गृहीतांत चपखल बसतात. म्हणूनच ती प्रत्येक पुस्तकात आढळतात. भाषेतील बहुसंख्य शब्द मात्र तसे बसत नाहीत. इंग्रजीचा या बाबतीतील स्वभाव काय आहे, तो तसा का घडला आणि मराठी भाषक विद्यार्थ्याची नेमकी कोठे दिशाभूल होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

झडलेले प्रत्यय

इंग्रजीत 'लव्ह' हे नामही आहे आणि क्रियापदही. 'आन्सर', 'वर्क', 'हेल्प', 'वॉक', 'ड्रिंक' यांचीही तीच स्थिती. तक्त्यात अशा शब्दांसाठी दोन रकान्यांत एकच शब्द लिहावा लागतो. म्हणून तक्ता करणारे ते शक्यतो टाळतात. त्यामुळे शब्दजात बदलली की शब्दाचे रूप बदललेच पाहिजे, असा विद्यार्थ्याचा समज होतो.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे इ. स. १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीच्या भाषेत, हा समज बऱ्याच अंशी खरा ठरला असता. तेव्हा 'प्रेम' या अर्थाचे नाम 'लुव्हु' असे उच्चारले जाई, तर 'प्रेम करणे' हे क्रियापद 'लुव्हिअन' असे. 'आन्सर'च्या पूर्वजांतही नाम 'आंडस्वारु' आणि क्रियापद 'आंडस्वारिअन' असा स्पष्ट भेद होता. मराठीत 'खेळ' आणि 'खेळणे', 'मार' आणि 'मारणे' यांत जो भेद ऐकू येतो, त्याच जातीचा हा भेद होय. पुढील काही शतकांत इंग्रजीतील शब्दान्तीचे आघातहीन स्वर दुबळे होत गेले, सर्व अन्त्य स्वर एकाच अस्पष्ट स्वरात मिसळले आणि साधारणतः चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तोही उच्चारातून गेला. नामाचा प्रत्यय झडला, क्रियापदाचाही झडला; मागे उरले ते एकच 'लव्ह'. नामाचे क्रियापद करण्याची जी मुभा आधुनिक इंग्रजीचे वैशिष्ट्य म्हणून सांगितली जाते, तिच्या मुळाशी ही झीज आहे. एकदा अशा जोड्या हजारोंनी तयार झाल्यावर त्यांचाच नियम बनला, आणि ज्यांना असा इतिहास नाही असे शब्दही त्या वाटेने जाऊ लागले.

प्रत्यय झडले, तरी काही ठिकाणी त्यांनी जाताना खूण ठेवली. 'फुल' या विशेषणापासून 'फिल', 'फूड' या नामापासून 'फीड', 'ब्लड'पासून 'ब्लीड', 'डूम'पासून 'डीम', 'होल' या विशेषणापासून 'हील', 'हॉट'पासून 'हीट'. या जोड्यांत प्रत्यय दिसत नाही. बदलला आहे तो आतला स्वर. या क्रियापदांच्या अतिप्राचीन रूपांत धातूनंतर 'य'सारखा ध्वनी असलेला प्रत्यय होता. त्या तालव्य ध्वनीने अलीकडच्या स्वराला आपल्याकडे ओढले आणि तो पुढे लुप्त झाला. मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. 'पडणे–पाडणे', 'मरणे–मारणे' या जोड्यांतही अर्थातील बदल आतल्या स्वरानेच दाखवला जातो. इंग्रजीतील 'फॉल' आणि झाड पाडणे या अर्थाचे 'फेल' ही जोडी तर 'पडणे–पाडणे'ची सख्खी बहीण शोभावी. दोहोंची ऐतिहासिक कारणे मात्र वेगळी आहेत. येथे शब्दजात बदलत नसली, तरी स्वर पालटून व्याकरणिक अर्थ सांगण्याची युक्ती मराठी भाषकाच्या अंगवळणी पडलेली आहे. वर्गात तिचा उपयोग करून घेतल्याचे क्वचितच दिसते.

दुसरी खूण व्यंजनातील आहे. 'बाथ' व 'बेद', 'ब्रेथ' व 'ब्रीद', 'हाफ' व 'हाव्ह', 'ग्रीफ' व 'ग्रीव्ह', 'बिलीफ' व 'बिलीव्ह' या जोड्यांत नामाचे शेवटचे व्यंजन अघोष, तर क्रियापदाचे घोष आहे. जुन्या इंग्रजीत दोन स्वरांच्या मध्ये आलेले असे व्यंजन घोष उच्चारले जाई. क्रियापदाला स्वरयुक्त प्रत्यय असल्याने त्याचे व्यंजन दोन स्वरांत सापडे, नामाचे शब्दान्ती असे. प्रत्यय गेला, घोषत्व राहिले. पुढे फ्रेंचमधून आलेल्या शब्दांनीही हा साचा उचलला. 'यूज' हा शब्द नाम असताना शेवटी 'स' ऐकू येतो आणि क्रियापद असताना 'झ', हे मराठी भाषकाच्या सहसा ध्यानात येत नाही. कारण लेखनात दोन्ही एकच आहेत आणि 'यूज करणे' या मराठी वापरात दोहोंचा एकच उच्चार रूढ झाला आहे.

कागदावर न दिसणारा बदल

लेखनाने झाकून ठेवलेला याहून महत्त्वाचा भेद आघाताचा आहे. 'रेकॉर्ड', 'प्रोटेस्ट', 'कॉन्ट्रास्ट', 'इम्पोर्ट', 'इन्क्रीज' हे शब्द नाम असताना पहिल्या अवयवावर आघात येतो, क्रियापद असताना दुसऱ्यावर. काही ठिकाणी आघातासोबत स्वरही बदलतो. डोनाल्ड शेरमन यांनी १९७५ मध्ये जुन्या कोशांच्या आधारे या जोड्यांचा इतिहास मांडला. १५७० च्या सुमारास अशा केवळ तीन जोड्या आढळतात : 'आउटलॉ', 'रेबल' आणि 'रेकॉर्ड'. १९३४ पर्यंत ही संख्या जवळपास दीडशेवर गेली. अन्त्य प्रत्यय गमावलेल्या भाषेने पुढील काळात नाम व क्रियापद वेगळे ओळखण्याचे नवे साधन तयार केले आणि ते वाढवत नेले, असे या आकड्यांवरून म्हणता येईल. अर्थात 'आन्सर', 'प्रॉमिस', 'रिपोर्ट', 'सपोर्ट' अशा अनेक शब्दांना हा नियम लागू होत नाही, हेही विसरता कामा नये.

मराठीत आघाताने शब्दजात बदलत नाही. त्यामुळे हा भेद विद्यार्थ्याच्या कानाला मुद्दाम शिकवावा लागतो. आणि तक्ता हा कागदावरचा असल्याने त्याच्याकडून ते होणे शक्य नाही. भाषाप्रयोगशाळा बांधल्या गेल्या, यंत्रसामग्री आली, पण प्रश्नपत्रिका रकान्यांचीच राहिली.

रिकामे रकाने

इंग्रजीत स्वदेशी शब्दांच्या जोडीला फ्रेंच व लॅटिन शब्दांचा फार मोठा साठा आहे. त्यामुळे पुष्कळदा नाम एका घराण्याचे आणि विशेषण दुसऱ्या घराण्याचे असते. 'सन'चे विशेषण 'सोलर', 'मून'चे 'ल्यूनर', 'टूथ'चे 'डेंटल', 'माउथ'चे 'ओरल', 'माइंड'चे 'मेंटल'. येथे रूपपरिवर्तन झालेलेच नाही. एका शब्दाच्या जागी दुसरा आला आहे. 'सूर्य–सौर', 'चंद्र–चांद्र' अशा वृद्धीयुक्त साधितांची सवय असलेल्या वाचकाला हे तुटक वाटते. 'किंग'ला तर 'किंग्ली', 'रॉयल' आणि 'रीगल' अशी तीन विशेषणे आहेत व तिन्हींचा दर्जा सारखा नाही.

एकाच रकान्यात दोन परस्परभिन्न शब्दांनी गर्दी करण्याची उदाहरणे अधिक बोधक आहेत. 'चाइल्ड'चे विशेषण कोणते? 'चाइल्डिश' म्हणजे पोरकट, 'चाइल्डलाइक' म्हणजे बालकासारखे निरागस. एक निंदा, दुसरी स्तुती. 'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल' यांतील फरक वाणिज्य शाखेच्या अध्यापकांना वेगळा सांगण्याची गरज नाही. 'इंडस्ट्रियल' व 'इंडस्ट्रियस', 'हिस्टॉरिक' व 'हिस्टॉरिकल', 'सेन्सिबल' व 'सेन्सिटिव्ह' या जोड्याही तशाच. 'ॲक्ट' या क्रियापदाचे नाम म्हणून 'ॲक्ट', 'ॲक्शन' आणि 'ॲक्टिव्हिटी' ही तिन्ही पुढे येतात. उलट 'बिग'ला रूढ क्रियापद नाही. मोठे करणे यासाठी 'लार्ज'च्या कुळातील 'एन्लार्ज' उसना घ्यावा लागतो. क्रियाविशेषणाच्या रकान्यात 'हार्ड'खाली 'हार्डली' लिहिणाऱ्याने 'कष्टाने' ऐवजी 'क्वचितच' असा अर्थ पदरात पाडून घेतलेला असतो.

हा सारा गोंधळ आहे, असे मात्र नव्हे. रिकाम्या जागांनाही नियम आहेत. विशेषणापासून क्रियापद करणारा 'एन' हा प्रत्यय पाहा. 'ब्लॅकन', 'व्हाइटन', 'रेडन', 'शॉर्टन', 'सॉफ्टन', 'डीपन', 'वीकन', 'रफन' ही क्रियापदे होतात. परंतु 'ग्रीन', 'ब्लू', 'स्लो', 'कूल', 'ड्राय', 'थिन', 'डल' यांना तो लागत नाही. हा प्रत्यय बहुतांशी एकावयवी आणि स्पर्श वा घर्षक व्यंजनाने संपणाऱ्या विशेषणांनाच लागतो. शेवटी स्वर, अनुनासिक किंवा 'ल' असेल तर लागत नाही. म्हणूनच 'लाँग' आणि 'स्ट्राँग' यांची क्रियापदे विशेषणाला वळसा घालून 'लेंग्थ' व 'स्ट्रेंग्थ' या नामांपासून तयार झाली. आणि ज्यांना प्रत्यय लागत नाही, त्या 'स्लो', 'कूल', 'ड्राय', 'थिन', 'डल' यांचे काय झाले? ती सर्व विशेषणे कोणताही प्रत्यय न घेता आहे त्याच रूपात क्रियापदे झाली. एका साधनाने सोडलेली जागा दुसऱ्याने भरून काढावी, अशी ही व्यवस्था आहे. क्रियापदापासून नाम करणाऱ्या 'अल' या प्रत्ययाचेही असेच आहे. 'अरायव्हल', 'रिफ्यूजल', 'डिनायल', 'अप्रूव्हल', 'सर्व्हायव्हल' या सर्वांच्या मूळ क्रियापदांत आघात शेवटच्या अवयवावर आहे. 'बरिअल' हा त्याला ठळक अपवाद. तक्त्यात या गोष्टी येत नाहीत, आणि येथेच त्याचे खरे नुकसान आहे : रिकामी जागा दिसली की ती आपण भरायची असते, एवढेच तो शिकवतो.

मार्क ॲरोनॉफ यांनी १९७६ मधील आपल्या ग्रंथात या संदर्भात 'ब्लॉकिंग' म्हणजे अवरोधाची संकल्पना मांडली. 'क्यूरिअस'पासून 'क्यूरिऑसिटी' होते. मग 'ग्लोरिअस'पासून 'ग्लोरिऑसिटी' का होत नाही? कारण ती जागा 'ग्लोरी' या आधीच रूढ असलेल्या नामाने अडवलेली आहे. 'फ्यूरिअस'च्या वाटेत 'फ्यूरी' तशीच उभी आहे. या विवेचनाच्या प्रकाशात भारतीय कार्यालयांतून सर्रास लिहिला जाणारा 'अपडेशन' हा शब्द पाहण्यासारखा आहे. 'क्रिएट–क्रिएशन', 'डोनेट–डोनेशन', 'ट्रान्सलेट–ट्रान्सलेशन' या ओळी पाठ असलेल्या व्यक्तीला 'अपडेट'चे नाम विचारले, तर तिने 'अपडेशन' असे सांगणे तर्काला धरूनच आहे. अडचण इतकीच की 'अपडेट' हे स्वतःच नाम म्हणून प्रचलित असल्याने ती जागा रिकामी नव्हती. आणि 'डेट' हा येथे लॅटिन प्रत्यययुक्त धातू नसून 'तारीख' या अर्थाचे नाम आहे. रूप बदलल्याशिवाय शब्दजात बदलत नाही, ही तक्त्याची शिकवण या शब्दात मूर्त झाली आहे.

शून्याचा प्रश्न

रूप न बदलता होणाऱ्या या शब्दजातिबदलाला काय म्हणावे, याविषयी विद्वानांत एकमत नाही. हेन्री स्वीट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'कन्व्हर्जन' ही संज्ञा वापरली. हान्स मार्चंड यांनी इंग्रजी शब्दसिद्धीवरील आपल्या १९६० च्या ग्रंथात यालाच शून्यप्रत्ययी साधन मानले : प्रत्यय आहे, पण त्याला ध्वनिरूप नाही.

संस्कृत व्याकरणाशी परिचय असलेल्या वाचकाला येथे 'क्विप्' प्रत्ययाचे स्मरण व्हावे. पाणिनीय परंपरेत या प्रत्ययातील सर्व वर्णांचा लोप होतो, श्रवणाला काहीच उरत नाही. तरीही प्रत्यय लागला आहे असे धरूनच पुढील कार्य होते. नामापासून धातू बनवतानाही त्याचा उपयोग सांगितला आहे. 'कृष्णासारखा वागतो' या अर्थी 'कृष्णति' हे रूप त्यातूनच सिद्ध होते. लिओनार्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ मध्ये शून्य घटकाची कल्पना भारतीय वैयाकरणांची असल्याचे मान्य करून तिची उपयुक्तता नोंदवली होती. आपल्याकडील चर्चांत एवढ्यावरच समाधान मानण्याची प्रवृत्ती दिसते. परंतु साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा आहे. 'कृष्णति' या रूपात 'क्विप्' लुप्त असला तरी 'ति' हा आख्यात प्रत्यय स्पष्ट आहे. ऐकणाऱ्याला हे क्रियापद आहे याविषयी शंका राहत नाही. इंग्रजीत ही पुढची खूणही क्षीण झाली आहे. 'वॉक्स' या रूपातील 'स' नामाचे अनेकवचन दाखवतो आणि क्रियापदाचे तृतीयपुरुषी एकवचनही. म्हणजे ज्या प्रत्ययाने शब्दजात ठरावी, तोच प्रत्यय संदिग्ध. निर्णय अखेर वाक्यातील जागेवर येऊन ठेपतो : अलीकडे 'द' आहे की 'शी' आहे, पलीकडे कर्म आहे की नाही.

शून्यप्रत्ययाचा सिद्धांत आणखी एका ठिकाणी अडखळतो. 'लव्ह' हे नाम क्रियापदापासून झाले की क्रियापद नामापासून? इतिहास पाहता दोन्ही स्वतंत्रपणे सिद्ध झाले होते आणि झिजून एकरूप झाले. येथे कोणत्या बाजूला शून्य चिकटवावे, हे ठरवण्यास भाषकाच्या जाणिवेत आधार नाही. 'बटर' किंवा 'हॅमर' यांच्या बाबतीत नाम आधीचे, हे अर्थावरून पटते. तेथे शून्य मानणे सोयीचे आहे. सर्वच जोड्यांना तो लावणे हा मात्र केवळ हिशेब जुळवण्याचा प्रकार ठरतो. अध्यापनापुरती तरी स्वीट यांची साधी संज्ञा अधिक प्रामाणिक आहे.

नामाचे क्रियापद : अर्थ कोठून येतो?

तक्त्याचे तिसरे गृहीत अर्थविषयक आहे. 'डस्ट' या नामाचा अर्थ धूळ. क्रियापद झाल्यावर त्याचा अर्थ धूळ झटकणे असाही होतो आणि भुकटी भुरभुरणे असाही. टेबल 'डस्ट' करणारा धूळ काढतो, केकवर साखर 'डस्ट' करणारा ती घालतो. 'सीड' म्हणजे बी पेरणे आणि फळातील बी काढणेही. 'मिल्क' करताना दूध निघते, 'वॉटर' करताना पाणी दिले जाते, 'बॉटल' करताना वस्तू बाटलीत भरली जाते, 'स्किन' करताना कातडे सोलले जाते. नामाकडून क्रियापदाकडे जाताना कोणता अर्थ जुळेल, हे रूप सांगत नाही. त्या वस्तूचे माणसाच्या जगण्यातील स्थान सांगते.

ईव्ह क्लार्क व हर्बर्ट क्लार्क यांनी १९७९ मध्ये अशा तेराशेहून अधिक क्रियापदांच्या आधारे या प्रक्रियेचा अभ्यास केला. त्यांच्या मांडणीतील एक निरीक्षण अवरोधाच्या संकल्पनेला पूरक आहे. उन्हाळा किंवा हिवाळा एखाद्या ठिकाणी घालवणे यासाठी इंग्रजीत 'समर' व 'विंटर' क्रियापदे होऊ शकतात. 'स्प्रिंग' आणि अमेरिकन इंग्रजीतील 'फॉल' यांची मात्र तशी क्रियापदे होत नाहीत. उडी घेणे आणि पडणे या अर्थांच्या क्रियापदांनी ती रूपे आधीच व्यापली आहेत. चार ऋतूंची चार नामे, शेजारी शेजारी. दोन दारे उघडी, दोन बंद. व्याकरणाचा कोणताही तक्ता हे भाकीत करू शकणार नाही.

या मुभेविषयी शुद्धतावाद्यांना नेहमीच धास्ती वाटत आली आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी डिसेंबर १७८९ मध्ये कोशकार नोआ वेब्स्टर यांना लिहिलेल्या पत्रात 'नोटिस', 'ॲडव्होकेट' आणि 'प्रोग्रेस' या नामांची क्रियापदे केल्याबद्दल नापसंती व्यक्त केली होती. आज ही तिन्ही क्रियापदे औपचारिक लेखनात निःशंकपणे वापरली जातात. गंमत अशी की 'प्रोग्रेस' हे क्रियापद सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात वापरात होतेच. फ्रँकलिन यांना ते नवे वाटले इतकेच. शेक्सपिअरच्या भाषेचे व्याकरण १८६९ मध्ये लिहिणाऱ्या ई. ए. ॲबट यांनी त्या काळच्या इंग्रजीत जवळजवळ कोणतीही शब्दजात दुसऱ्या कोणत्याही शब्दजातीचे काम करू शके, असा निर्वाळा दिला आहे. 'ॲन्टनी अँड क्लिओपात्रा'मध्ये 'बॉय' हे नाम क्रियापद होते, ते अशा जागी की त्याऐवजी दुसरा शब्द सुचवणे कठीण. रोमच्या रंगमंचावर एखादा पोरगा आपली भूमिका करील, ही राणीची भीती त्यात आहे. आणि शेक्सपिअरच्या रंगमंचावर ती भूमिका पोरगाच करीत होता. अलीकडील काळात 'गूगल' या कंपनीच्या नावाचे क्रियापद झाले. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २०१० च्या जानेवारीत ते सरत्या दशकाचा शब्द म्हणून निवडले.

मराठी वाटेने आलेले इंग्रजी

मराठी भाषक विद्यार्थ्याला इंग्रजी शब्द प्रथम भेटतो तो पुष्कळदा मराठी वाक्यात. तेथे त्याला मराठी व्याकरणाने एक ठरावीक जागा दिलेली असते : शब्द अविकारी ठेवायचा आणि 'करणे' किंवा 'होणे' जोडायचे. 'कॅन्सल करणे', 'कॅन्सल होणे'. 'सँक्शन करणे', 'इम्प्रेस होणे', 'कन्फ्यूज होणे'. ही जागा इंग्रजीसाठी नव्याने निर्माण झालेली नाही. 'रद्द करणे', 'मंजूर होणे', 'जप्त करणे', 'सुरू होणे' अशा फारसी-अरबी वळणाच्या आणि 'मान्य करणे', 'प्राप्त होणे' अशा संस्कृत वळणाच्या शब्दांनी ती कित्येक शतकांपूर्वी तयार करून ठेवली होती. तीत येणारा शब्द मूळ भाषेत क्रियापद होता की विशेषण, याची मराठी फिकीर करीत नाही. 'डॉक्टर'ला आपला प्रत्यय लावून 'डॉक्टरकी' करणारी, 'फिल्म'चे 'फिल्मी' करणारी भाषा परक्या शब्दांना आपल्या नियमांनी वागवते, आणि यात भाषेचा ऱ्हास पाहणाऱ्यांशी सहमत होण्याचे कारण नाही.

अडचण परतीच्या प्रवासात होते. 'रद्द' हे मराठीत विशेषणासारखे वागते. 'तिकीट रद्द आहे' हे शुद्ध वाक्य आहे. त्याच जागेवर 'कॅन्सल' बसले की 'तिकीट कॅन्सल आहे' असे होते, आणि मग इंग्रजीत 'द टिकिट इज कॅन्सल' असे लिहिले जाते. 'मी कन्फ्यूज आहे' यावरून 'आय ॲम कन्फ्यूज', 'ती इम्प्रेस झाली' यावरून 'शी वॉज इम्प्रेस' ही वाक्ये त्याच घडणीची. 'बोअर'ची गोष्ट तर अधिकच वेगळी. मराठीत 'लेक्चर बोअर होते' आणि 'मी बोअर झालो' या दोन्ही वाक्यांत एकच शब्द कंटाळा देणाऱ्याला आणि कंटाळलेल्याला लागतो. इंग्रजीला तेथे 'बोअरिंग' व 'बोअर्ड' असा भेद हवा असतो. 'आय ॲम अ बोअर' असे लिहिणारा विद्यार्थी आपण कंटाळलो असे सांगू इच्छितो. वाक्य मात्र तो स्वतः कंटाळवाणा असल्याची कबुली देते.

उत्तरपत्रिकांतून वारंवार दिसणाऱ्या या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. त्यांत मराठीचे व्याकरण शिस्तीने पाळलेले आहे. क्रियापदापासून होणाऱ्या या दोन प्रकारच्या विशेषणांना चार रकान्यांच्या तक्त्यात बहुधा स्थानच नसते. ती काळाच्या प्रकरणात, वर्तमानकालवाचक व भूतकालवाचक धातुसाधिते म्हणून, वेगळ्या पानावर शिकवली जातात. ज्या ठिकाणी मराठी भाषकाला सर्वाधिक मदत हवी, नेमके तेथे तक्ता मौन पाळतो.

रेन आणि मार्टिन यांच्या सुपरिचित व्याकरणाला आज जुनाट म्हणण्याची पद्धत आहे. परंतु एकच शब्द वेगवेगळ्या शब्दजातींत कसा वापरला जातो, यासाठी त्या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे आणि तेथे शब्दांपुढे वाक्ये दिली आहेत. 'राउंड' हा शब्द विशेषण, नाम, क्रियापद, क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय अशा पाचही भूमिका रूप न बदलता पार पाडतो, हे वाक्यांच्या मदतीने दहा मिनिटांत दाखवता येते. नंतरच्या मार्गदर्शिकांनी शब्दसिद्धीच्या याद्या उचलल्या आणि हे प्रकरण गाळले. कारण यादीवर वस्तुनिष्ठ प्रश्न काढणे सोपे असते. 'स्लो', 'आन्सर' किंवा 'बॉटल' यांचे क्रियापद विचारणारा प्रश्न प्रश्नपत्रिकेत सहसा येत नाही. 'रूप बदलत नाही' हे उत्तर गुणदानाच्या चौकटीत अवघडलेले दिसते.

तपासनिसापुढे एक प्रश्न उरतोच. 'आय ॲम कन्फ्यूज' आणि 'अपडेशन' या दोन्हींवर आज सारखीच लाल रेघ ओढली जाते. पहिली चूक दुसऱ्या भाषेच्या वाक्यरचनेतून आली आहे; ती दुरुस्त करण्यासाठी मराठी वाक्य शेजारी मांडावे लागेल. दुसरी इंग्रजीच्याच नियमाने, पण इंग्रजीचा अवरोध न ओळखता घडली आहे. अवरोध कायमचा नसतो. 'अपडेशन'चाच भाऊ असलेला 'अपग्रेडेशन' हा शब्द काही कोशांनी भारतीय इंग्रजीतील म्हणून नोंदवला आहे, आणि 'पोस्टपोन'च्या धर्तीवर रूढ झालेला 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या कोशात दाखल आहे. विद्यापीठांच्या परिपत्रकांतून रोज वाचायला मिळणारा शब्द विद्यार्थ्याच्या उत्तरात आला तर त्याचा एक गुण कापावा की नाही, याविषयी इंग्रजीच्या अभ्यासमंडळांनी लेखी सूचना देणे आवश्यक आहे. तोपर्यंत ती लाल रेघ तपासनिसाच्या मर्जीवर राहील.